एका वायरीवर तीन पडदे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत जॅकार्डची (कापडात विणूनच काढायची) नक्षी आता संगणकावर काढतात. एका पडद्यावर नक्षी, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना, तिसऱ्यावर रंगांची यादी अशी मांडणी डिझायनरला हवी असते आणि लॅपटॉपला पोर्ट असतं एकच. मग बाजारातून एचडीएमआय स्प्लिटर येतो, दोन मॉनिटर लागतात आणि दोन्हींवर तेच चित्र दिसतं! स्प्लिटर बिचारा आपलं काम चोख करत असतो. आलेल्या सिग्नलच्या दोन नकला काढायच्या, एवढंच त्याला येतं.

वेगवेगळी चित्रं एकाच वायरीतून पाठवायची सोय डिस्प्लेपोर्टमध्ये, म्हणजे एचडीएमआयसारख्याच चित्र पाठवणाऱ्या दुसऱ्या जोडणीत, २०१० साली, १.२ या आवृत्तीत आली. तिचं नाव मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट, थोडक्यात एमएसटी. यात माहितीचे ६४ खणांचे गठ्ठे पाडतात. पहिला खण सूचनांचा, बाकीचे ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे मॉनिटरांना वाटलेले. दौंड-कुर्डुवाडी करत येणाऱ्या मालगाडीचा ज्या स्टेशनचा डबा तिथे सुटावा आणि उरलेली गाडी पुढे निघावी, तसा पहिला मॉनिटर आपलं चित्र ठेवून घेतो आणि बाकीचं पुढच्याला देतो. एचडीएमआयमध्ये अशी साखळी होतच नाही, केबल कितीही महागाची आणा.

गाडीत जागा किती, हा खरा प्रश्न. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर हिशेब सेकंदाला सुमारे ३ गिगाबिटवर, म्हणजे ३ अब्ज बिटांवर जातो. फोर-के पडद्यावर ठिपके याच्या चौपट, म्हणून हिशेबही १२ गिगाबिटच्या आसपास. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून चित्रासाठी प्रत्यक्ष १७.२८ गिगाबिट मिळतात. म्हणजे फुल एचडीचे चार मॉनिटर आरामात, पण फोर-केचा एक लावला की दुसऱ्याला जागा नाही. १.४ आवृत्तीत ही मर्यादा २५.९२ वर गेली, तिथे दोन फोर-के जेमतेम बसतात.

डिस्प्लेपोर्टचं चित्र टाइप-सी पोर्टमधूनही जातं, पण तिथे आणखी एक मेख आहे. या पोर्टात वेगवान माहितीचे चार मार्ग असतात. त्याच केबलवरून यूएसबी ३ च्या वेगाने हार्ड डिस्कही चालवायची असेल, तर दोन मार्ग यूएसबीकडे जातात आणि चित्राला उरतात दोन. १.२ च्या वेगाला म्हणजे ८.६४ गिगाबिट. स्वस्तातल्या हबवर (एका टाइप-सीची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीवर) फोर-के मॉनिटर ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर अडकतो आणि माउसचा बाण लंगडत चालल्यासारखा दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. शिवाय काही टाइप-सी पोर्टांतून चित्र बाहेरच येत नाही, नुसतं चार्जिंग आणि डेटा. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या (टाइप-सीच्याच आकाराच्या, जास्त वेगवान जोडणीच्या) विजेचं चिन्ह आहे का, हे विकत घेण्याआधी पाहिलेलं बरं.

मॉनिटर घेताना तो उलटा करून मागची बाजू बघा. साखळीत मधे बसणाऱ्या मॉनिटरला ‘डीपी इन’ आणि ‘डीपी आउट’ अशी दोन तोंडं लागतात. शेवटच्याला ‘इन’ पुरे. अनेक मॉनिटरांत एमएसटी कारखान्यातूनच बंद असतं. ते मेन्यूत शिरून चालू करायचं, शेवटच्या मॉनिटरवर मात्र बंदच ठेवायचं. मधल्याची वीज गेली की त्याच्या पुढचेही अंधारात, हे साखळीचं दुखणं आहेच.

मॅकवाल्यांची गोष्ट वेगळी. मॅकओएस एमएसटीवर वेगवेगळी चित्रं देत नाही, साखळीतल्या दोन्ही पडद्यांवर एकच चित्र उमटतं. तिथे थंडरबोल्ट लागतं. त्याच्या साखळीत सहा उपकरणं चालतात, पण साधा डिस्प्लेपोर्ट मॉनिटर अगदी शेवटीच जोडावा लागतो.

डिस्प्लेलिंक ही तिसरी वाट. यात लॅपटॉपचा प्रोसेसर चित्र दाबून लहान करतो आणि साध्या यूएसबीवरून पाठवतो. एक्सेलला उत्तम, व्हिडिओला नाही. आणि मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या सोलापुरात आधीच तापलेल्या प्रोसेसरवर हे जादा ओझं मी तरी टाकणार नाही.

साखळीतला तिसरा पडदा काळाच राहिला, तर केबल बदलायला धावण्याआधी पहिल्या दोघांचं रिझोल्यूशन किंवा हर्ट्झ एक पायरी खाली आणून बघा. जागा मोकळी झाली की तो बऱ्याचदा आपोआप उजळतो.