लाकडी मासोळी कुठून तुटते?

जिताड्याने झटका दिला, दोरी सैल पडली आणि हाती लागलं ते मासोळीचं अर्धं तोंड. पांगाऱ्यातून घरीच कोरलेलं ते आमिष, म्हणजे ल्यूर, बोटभर लांबीचं होतं. ‘लाकूडच पोचट, दुसरं काय होणार?’ असं सगळ्यांचं मत पडलं. तुकडा उन्हात धरून पाहिला तर दोष वेगळाच निघाला. रेषे नाकाकडून शेपटीकडे न जाता पाठीकडून पोटाकडे तिरके उतरत होते.

लाकूड म्हणजे घट्ट बांधलेला खराटा समजा. लांब, पोकळ पेशी खोडाच्या दिशेने रचलेल्या, त्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे आणि सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारं लिग्निन. हीर ओढून तुटता तुटत नाही, पण जुडी बोटांनी फाकवता येते. सरपण फोडताना ओंडका उभा करून माथ्यावर घाव घालतात तो त्यामुळेच. म्हणून ‘हे लाकूड किती मजबूत?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या दिशेने, तेही विचारावं लागतं.

तिरकेपणा किती महागात पडतो, हे सरळ, गाठी नसलेल्या लाकडावर मोजलेलं आहे. १० सेंमी लांबीत रेषा १ सेंमी बाजूला सरकली, तर वाकवल्यावर तग धरण्याची ताकद सुमारे १९ टक्क्यांनी घटते. ५ सेंमीत १ सेंमी सरकली तर ४५ टक्क्यांनी.

मग सागवानच का नको? कारण ल्यूरला हवा लागते. पेशीच्या भिंतीचा पदार्थ पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो. लाकूड तरंगतं ते पोकळीतल्या हवेवर. शिसं पोटात खाली आणि हलकं लाकूड वर असलं, की ओढताना मासोळी चुळबुळत पोहते. फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने नेमकी हीच चाल हेरली होती: लंगडत पोहणाऱ्या मासोळीवर मोठा मासा आधी झडप घालतो. १९३६मध्ये त्याने पहिलं आमिष बुचातून कोरलं, चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. पुढे बाल्सा आलं. इक्वेडोरमधून येणारं हे लाकूड नखाने दाबलं तरी खळगा पडतो, आणि वनस्पतिशास्त्र मात्र त्याला ‘हार्डवुड’मध्ये बसवतं! आपली काटेसावर त्याच्याच कुळातली.

इतक्या मऊ लाकडात नाकाशी नुसता आकड्याचा स्क्रू पिळला, तर माशाचा सगळा ओढा जेमतेम सेंटिमीटरभर लाकडावर येतो. तोही रेष्यांच्या टोकात घुसलेला, जिथे आट्यांना पकड कमीच मिळते. म्हणून जाणते लोक नाकापासून शेपटीपर्यंत एकच स्टीलची तार घालतात आणि गळ तिलाच अडकवतात. ओढ तारेवर जाते. लाकडाने फक्त तरंगायचं आणि माशाचे दात सोसायचे. तरी लिपसाठी, म्हणजे तोंडाखाली बसवायच्या चपट्या पट्टीसाठी, हनुवटीत खाच पाडली, की तिच्या कडेला लाकडाची पातळ जीभ उरतेच. तिच्यातले रेषे लांबीला धरून असले तर ती टिकते, आडवे असले तर बिस्किटासारखी मोडते.

रेषे ओळखताना फळीवरच्या सुंदर नक्षीवर जाऊ नका. ती वाढीच्या वलयांची असते, आणि पीळ घेत वाढलेल्या झाडात रेषे भलतीकडेच जातात. तासलेल्या बाजूवर फाउंटन पेनच्या शाईचा ठिपका टाका. रेष्यांच्या वाटेने तो लांबट पसरतो. माझ्या तुटक्या मासोळीवर ठिपका टाकला, तर तो थेट कल्ल्याखालून पोटाकडे गेला, जिथून ती मोडली होती तिथेच. नाहीतर टोकाची एक ढलपी कापण्याऐवजी फोडून पाहा. फूट रेष्यांमधूनच जाते.

पाणीही याच वाटेने शिरतं. रेष्यांची तोंडं नाकाशी, शेपटीशी आणि प्रत्येक भोकात उघडी असतात. लाकूड फुगतं ते लांबीला नाही, जाडीला. रंग तडकतो आणि आणखी पाणी आत जातं. मी आता रंगाच्या आधी भोकांमध्ये पातळ इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारी चिकट राळ, सोडतो आणि नाकाला दोन हात जास्त देतो.