आक्षी शिलालेख

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस आक्षी येथे असलेली, जुना मराठी लेख असलेली उभी कोरीव शिळा, प्रकाराने गधेगाळ (गाढवाच्या शापशिल्पाची दानशिळा). उंची सुमारे सव्वाचार फूट, रुंदी फूटभर. वर चंद्रसूर्य, मध्ये देवनागरी लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली ‘गाळ’, म्हणजे गाढव व स्त्री यांचे शापशिल्प. शिळेची नोंद १८८३ च्या कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. कुलाबा किल्ला जवळ असला तरी तो सतराव्या शतकातला. शिळेशी त्याचा संबंध नाही.

लेखात ‘पसीमसमुद्राधीपती’ केसीदेवराय हा राजा, भइर्जु सेणुई हा महाप्रधान आणि महालक्ष्मीप्रीत्यर्थ दिलेले ‘नऊ कुवली’ (धान्याचे माप) दान येते. शं. गो. तुळपुळे यांनी वर्ष शक ९३४ असे वाचले (प्राचीन मराठी कोरीव लेख, १९६३). त्यावरून १६ मे १०१२ ही तारीख देतात. त्या दिवशी लेखातला शुक्रवार जुळतो. पण वार सातांत एकदा जुळतोच, त्यावर फार भार देता येत नाही.

लेखाच्या काळाबद्दल वाद आहे, त्याचे मूळ राजाच्या नावात आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्यात केशिदेव दोन. पहिला अरिकेसरी, त्याचा ठाणे ताम्रपट शक ९३९ चा. दुसरा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. लेख दुसऱ्याचा मानणारेही अभ्यासक आहेत. मात्र लेखातील ‘प्रधावी’ म्हणजे साठ संवत्सरांच्या चक्रातले परिधावी संवत्सर असेल, तर ते दक्षिणी गणनेने शक ९३४ ला येते व पुढे दर ६० वर्षांनी: ९९४, १०५४, १११४, ११७४. दुसऱ्या केशिदेवाचे ज्ञात लेख साधारण शक ११२५ ते ११६१ मधले; त्यांत हे संवत्सर बसत नाही. म्हणून लेख पहिल्या केशिदेवाचा, शक ९३४ चा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात सारे ‘प्रधावी’च्या वाचनावर टेकलेले आहे.

झिजलेल्या शिळेवर असे वाचन ठशावरूनच तपासावे. शिळा पाण्याने व मऊ कुंच्याने धुवावी, ओला कागद ठोकून अक्षरांत बसवावा आणि तो जवळजवळ वाळल्यावर शाईची गादी हलक्या हाताने फिरवावी. कागद फार ओला राहिला तर शाई खाचेत उतरते आणि अंकांची वळणे बुजतात. खाचांत खडू वा रंग भरणे सर्वांत घातक. भरणाऱ्याला जे दिसले तेच पुढच्यांना दिसते. फोटोसाठी उजेड बाजूने, अगदी तिरपा हवा.

आद्य मराठी लेखाचा मान पूर्वी श्रवणबेळगोळच्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ला दिला जाई, तुळपुळ्यांनी तो बाराव्या शतकातला ठरवला. सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडलचा लेख शक ९४० चा. म्हणजे शक ९३४ हे वाचन खरे असेल, तर आक्षीचा लेख या दोन्हींहून जुना.