गोव्यात नरक कसा आला आणि पुर्गातोर का टिकलं

दोन नोव्हेंबरला गोव्यातल्या सिमितेरी (दफनभूमी) फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. इगर्जीत (चर्चमध्ये) मृतांसाठी मीस हा प्रार्थनाविधी होतो, पाद्री थडग्यांवर तीर्थ शिंपडतो. शेजारच्या हिंदू घरांना यात फारसं नवल वाटत नाही, कारण महिनाभरापूर्वी त्यांच्याकडेही पितरांची पानं वाढून झालेली असतात. पण या दिवसामागची पुर्गातोरची शिकवण, म्हणजे स्वर्गाआधी जिवांचं शुद्धीकरण होतं आणि जिवंतांच्या प्रार्थना त्यांना तिथे पोचतात ही, आपल्या श्राद्धाच्या कल्पनेहून निराळी आहे आणि ती इथे पोचेपर्यंत तिच्यावरून युरोपात बरंच रणकंदन झालेलं होतं.

आरंभी नरक नव्हताच. जुन्या हिब्रू ग्रंथांतलं ‘शेओल’ ही मेलेल्यांची अंधारी जागा. तिथे सज्जनही जायचे आणि दुर्जनही. निवाड्याची गोष्ट स्पष्ट येते ती दानिएलच्या पुस्तकात. इ. स. पू. दुसऱ्या शतकात अंतियोख चौथा हा ग्रीक राजा यहुद्यांना धर्मासाठी मारत होता. जे श्रद्धेपायी मेले त्यांना या जगात न्याय मिळालाच नाही, मग तो कधी मिळायचा? मातीत निजलेले उठतील, काही कायमच्या जीवनासाठी आणि काही कायमच्या नाचक्कीसाठी, हे या ग्रंथाचं उत्तर. म्हणजे अंतिम न्यायाची कल्पना छळ सोसणाऱ्यांची आहे. पुढे ती छळ करणाऱ्यांच्याही हाती गेली, ती कथा खाली येईलच.

येशूच्या तोंडी ‘गेहेन्ना’ येतं. जेरुसलेमच्या दक्षिणेकडची हिन्नोमची दरी ती हीच; तिथे एके काळी मुलांना अग्नीत बळी देत, म्हणून यिर्मया संदेष्ट्याने तिला शाप दिला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 25व्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं जे चित्र आहे, ते मला या सगळ्या वाङ्मयातलं सर्वांत धारदार वाटतं. मेंढपाळ मेंढरं एकीकडे आणि शेरडं दुसरीकडे करतो, तशी राजा माणसांची वाटणी करतो. निकष काय? भुकेल्याला जेवू घातलंत का, उघड्याला नेसवलंत का, कैद्याला भेटलात का. कोण कुठल्या देवळात जात होता, याची चौकशी तिथे होत नाही.

पण ही शिक्षा खरोखर अनंत का? तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने सुचवलं की शेवटी सगळेच जीव देवाकडे परततील. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने याच्या उलट भूमिका घेतली: स्वर्ग अनंत मानायचा तर नरकही अनंतच मानावा लागेल. पश्चिमेकडच्या चर्चने ऑगस्टीनचं ऐकलं. 543 साली सम्राट जस्टिनियनने ओरिजेनच्या मतांविरुद्ध हुकूमनामाच काढला.

उरली एक अडचण. माणूस आज मेला आणि न्यायाचा दिवस जगाच्या अंती, तर मधल्या काळात आत्मा असतो कुठे? 1331च्या सुमारास पोप बाविसावे जॉन यांनी प्रवचनांत सांगून टाकलं की अंतिम न्याय होईपर्यंत पुण्यवंतांनाही देवाचं पूर्ण दर्शन नाही. पॅरिसच्या पंडितांपासून राजापर्यंत सगळे खवळले. 1334 मध्ये मरणशय्येवर पोपनी शब्द मागे घेतले आणि 1336 साली त्यांच्या वारसाने, बाराव्या बेनेडिक्टनी, निकाल दिला: प्रत्येकाचा स्वतंत्र न्याय मरणानंतर लगेच होतो. ज्यांचं शुद्धीकरण व्हायचं उरलंय ते त्यातून जातात, मग स्वर्ग. हे शुद्धीकरण म्हणजेच पुर्गातोर. तिथल्या जिवांना जिवंतांच्या प्रार्थना आणि मीस पोचतात, हे 1274, 1439 आणि 1563 अशा तीन धर्मसभांनी वेळोवेळी ठरवून ठेवलं. दोन नोव्हेंबरची प्रथा त्याहून जुनी, फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठाधिपती ओदिलोची, दहाव्या-अकराव्या शतकांच्या सांध्यावरची.

ही शिदोरी घेऊन 6 मे 1542 रोजी धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. जुन्या गोव्याच्या रस्त्यांवरून घंटा वाजवत तो मुलांना आणि गुलामांना दोत्रीन (धर्मशिक्षण) शिकायला हाका मारी, ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक असते. कमी सांगितली जाते ती त्याची दुसरी घंटा. पुढे मोलुक्का बेटांत तेर्नातेला असताना त्याने एक माणूस नेमला. हा माणूस रात्री घंटा वाजवत गावातून फिरे आणि पुर्गातोरातल्या आत्म्यांसाठी आणि महापापात अडकलेल्यांसाठी प्रार्थना करा, असं ओरडून सांगे.

त्याच झेवियरने जपानहून परतल्यावर 1552 साली लिहिलेलं एक पत्र फार अस्वस्थ करणारं आहे. नवे जपानी ख्रिस्ती त्याला विचारत: आमचे आईबाप, बायकामुलं, पूर्वज तुमचा देव कळण्याआधीच मेले, त्यांचं काय? प्रार्थनेने, दानाने त्यांना सोडवता येईल का? झेवियर म्हणाला, नरकातून सुटका नाही. ते रडू लागले, आणि ते रडणं पाहून आपल्यालाही वाईट वाटलं, असं तो लिहितो. उत्तर मात्र त्याने बदललं नाही.

आशियात या शिकवणीचं जड जाणारं टोक नेमकं इथे होतं. नरक इथल्या लोकांना नवा नव्हता. गरुडपुराणात वैतरणी आहे, कुंभीपाक आहे, रौरव आहे, आणि यातनांची वर्णनं युरोपियनांनी लाजावं इतकी तपशीलवार आहेत. पण तिथे भोग सरला की जीव पुढच्या जन्माला मोकळा, आणि वाटेवरच्या जिवाला मागच्यांनी दिलेला पिंड पोचतो. दार कायमचं बंद होणारा आणि मुलाच्या हाताला काहीच काम न ठेवणारा नरक मात्र नवा होता.

दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या लोकांना हे त्यांच्या बोलीच्या वळणाने सांगायचं काम फादर थॉमस स्टीफन्सने केलं. तो 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात आला. विल्टशरचा हा इंग्रज ज्या देशातून निघाला होता तिथे पुर्गातोरवरचा विश्वास सरकारी धर्माने मोडीत काढला होता. मृतांसाठी मीस म्हणवून घेणाऱ्या संस्था 1547 च्या कायद्याने बंद झाल्या होत्या. त्याच्या जन्मभूमीत ज्यावर बंदी होती ते तो इथे शिकवत होता. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापलं गेलं, जवळपास 11,000 ओव्या, भाषा मराठी आणि लिपी रोमी. पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांनीच वाचायला काहीतरी मागितलं, अशी त्याची प्रस्तावना. सृष्टीची उत्पत्ती, लुसिफेरचं पतन, मग मानवाचं पतन, अशी कथा उलगडते आणि वैकुंठ, यमकोंड (नरक) हे ओळखीचे शब्द त्यात बिनदिक्कत येतात. कीर्तनाला बसलेल्या माणसाने ऐकावं तसं ते ऐकता येतं.

दुसरीकडे त्याच काळात जुन्या गोव्यात नरक कापडावर रंगवला जात होता. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांचा निवाडा करणारं चर्चचं न्यायालय, इथे 1560 ला आलं आणि मधली चार वर्षं सोडता 1812 पर्यंत टिकलं. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य त्याच्या कोठडीत होता. 12 जानेवारी 1676 च्या, शिक्षा जाहीर करण्यासाठीच्या मिरवणुकीत त्याला अनवाणी चालवलं गेलं आणि फ्रान्सला परतल्यावर त्याने 1687 साली सगळं छापलं. जाळण्याची शिक्षा झालेल्यांच्या अंगावर ‘सामार्रा’ नावाचा करडा झगा. त्यावर पुढे-मागे त्याच कैद्याचं चित्र, खाली पेटती लाकडं, वर उसळणाऱ्या ज्वाळा, भोवती सैतान. ऐनवेळी कबुली देऊन जीव वाचवलेल्यांच्या झग्यावर ज्वाळा उलट्या, टोकं खाली केलेल्या. देवाचा निवाडा व्हायच्या आधीच माणसांनी त्याचा पोशाख शिवून ठेवला होता. इन्क्विझिशनच्या 1736 च्या फर्मानाने लग्न आणि मरणाच्या कितीतरी जुन्या चालीरीती ख्रिस्ती घरांना मना केल्या, अंगणातल्या तुळशीसकट.

माझं मत असं की गोव्यात नरक कचेरीचा राहिला आणि पुर्गातोर घराचं झालं. यमकोंडाची भीती प्रवचनात होती, फर्मानात होती, पण रोजच्या जगण्यात माणसांनी धरून ठेवलं ते मेलेल्यांसाठी काहीतरी करता येतं हे आश्वासन. सातव्या दिवसाचं मीस, महिन्याचं मीस, वर्षाचं मीस. खुरसापुढच्या (क्रुसापुढच्या) लदीनीत, म्हणजे सामूहिक प्रार्थनागायनात, आत्म्यांसाठीची प्रार्थना. कित्येक गावांत रात्री आठला त्यांच्यासाठी वाजणारी इगर्जीची घंटा. पिंडदान बंद झालं तरी मुलाच्या हाताला पुन्हा काम मिळालं.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा ‘भिकाऱ्यांचें जेवण’. ख्रिस्ती घरात लग्न असलं की आधी एक दिवस गावातल्या गरिबांना बोलावून, बसवून, घरातल्या मृतांच्या नावाने जेवू घालतात. आधी प्रार्थना, मग शीत (भात), सुक्या सुंगटांची (कोळंबीची) सामाराची कडी, भाजी, शेवटी चण्याच्या डाळीची, नारळाच्या रसातली गोड वोण. घरागणिक पदार्थ बदलतात. वाढणारे घरचेच असतात, आचाऱ्यावर सोपवत नाहीत. याला कोणी ख्रिस्ती झालेलं श्राद्ध म्हणतं, तर कोणी मत्तयाच्या 25व्या अध्यायाचं आचरण. दोन्हींपैकी एकच खरं मानायचा आग्रह मला पटत नाही.

शिकवणीचा सूर विसाव्या शतकात पालटला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर मीस लॅटिनमधून कोंकणीत आलं आणि न्यायाच्या दिवसाचा थरकाप सांगणारं ‘दिएस इरे’ हे जुनं लॅटिन गीत अंत्यविधीच्या मिसांतून गेलं. सुवार्ता न कळलेला पण मनापासून देवाला शोधणारा माणूसही तरू शकतो, हे त्या सभेने 1964 मध्ये लिहून ठेवलं. जपानी ख्रिस्त्यांना मिळायला हवं होतं ते उत्तर चारशे वर्षांनी आलं. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात नरक अनंत आहे हे कायम आहे, पण देव कोणालाही तिथे नेमून पाठवत नाही, माणूस स्वतःच देवापासून तुटतो, अशी मांडणी आहे. 28 जुलै 1999 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी नरक ही जागेपेक्षा अवस्था आहे, असं सांगितलं. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांसाठी कल्पिलेलं ‘लिंबो’ही 2007 च्या एका धर्मशास्त्रीय अहवालाने मागे सारलं; ती बाळं तरतील अशी आशा बाळगायला आधार आहे, असं त्यात म्हटलंय.

पुर्गातोरला मात्र कोणी हात लावलेला नाही. बदललंय ते जेवण: गावात पंगतीला बसायला कोणी मिळत नाही, म्हणून आता बऱ्याच घरांतून ते डब्यांत भरून वृद्धाश्रमात नाहीतर अनाथाश्रमात पाठवतात.