मॉलिन्यूचा प्रश्न

जन्मांध माणसाला हाताने चाचपून घन कोणता नि गोल कोणता हे बिनचूक सांगता येते. त्याला एकाएकी दृष्टी आली आणि तेच दोन ठोकळे टेबलावर ठेवले, तर नुसते पाहून ते त्याला ओळखता येतील का? डब्लिनचे विद्वान विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने हा प्रश्न घातला. मॉलिन्यूंची स्वतःची पत्नी अंध होती. १६९३ मध्ये त्यांनी तो पुन्हा विचारला आणि लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो छापला.

दोघांचेही उत्तर ‘नाही’ असेच होते. मनात जन्मजात काही नसते, सारे ज्ञान अनुभवातून येते, हा अनुभववाद मानला तर स्पर्श आणि दृष्टी यांची सांगडही अनुभवानेच घालावी लागणार. तत्त्वज्ञ बर्कलीने १७०९ मध्ये हीच बाजू अधिक ताणून धरली. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ मात्र ‘हो’ म्हणाला, पण समोर एक घन व एक गोल आहे हे आधी सांगितलेले असावे, या अटीवर. मग तो माणूस बुद्धीने ताडून पाहील.

खरी परीक्षा झाली ती भारतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून अंधत्व असलेल्या, ८ ते १७ वयाच्या पाच मुलांवर शस्त्रक्रिया करून लगेच चाचण्या घेतल्या गेल्या, निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचपलेला ठोकळा पुन्हा चाचपून ओळखण्यात मुले ९८ टक्के बरोबर होती, पाहिलेला पुन्हा पाहून ओळखण्यात ९२ टक्के. चाचपलेला पाहून ओळखताना मात्र ५८ टक्के, म्हणजे जवळपास नाणेफेकच.

लॉक जिंकला असे म्हणायची घाई नको. काही मुलांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा अवघ्या पाच-सात दिवसांत, कोणी मुद्दाम शिकवले नसताना, ती झपाट्याने सुधारली होती. कोरी पाटी इतक्या लवकर भरत नाही. दोन इंद्रियांना जोडणारी काही तयारी मेंदूत आधीच असावी, असे मानायला इथे जागा आहे. शिवाय नव्याने उघडलेल्या डोळ्यांना ठोकळा त्रिमितीय दिसला की नुसता रंगाचा सपाट डाग, हा आक्षेपही आहेच.

तान्ह्या बाळांवरच्या प्रयोगांनी वाद मिटला नाही. १९७९ मध्ये महिन्याभराची बाळे तोंडात चघळलेल्या, न पाहिलेल्या चोखणीसारख्याच आकाराकडे जास्त वेळ पाहताना आढळली. पण पुढे इतरांना तसे दिसून आले नाही. २०२४ मधल्या एका प्रयोगात अंधारात उबवलेल्या कोंबडीच्या पिलांनी गुळगुळीत वा खडबडीत वस्तू अंधारातच हाताळल्या होत्या. पहिल्यांदा उजेडात आल्यावर त्यांची निवड त्या स्पर्शानुसार बदलली, आणि इथे पारडे लॉकच्या विरुद्ध झुकते.