सकाळी बेबी, संध्याकाळी मेमी

"सकाळी मले बेबीच म्हन्ते जी, दिवस बुडाला का मेमी म्हन्ते." साठी ओलांडलेल्या बापाला घेऊन आलेली लेक, बेबी, सांगत होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार या शब्दांत मी पहिल्यांदाच ऐकली, आणि निम्मं निदान त्या एका वाक्यात होतं.

बाबांना दोन महिन्यांपासून गिळायला त्रास होता. वरणात कुस्करलेली भाकर कशीबशी जायची, पण चहाचा घोट घेतला की नाकातून बाहेर यायचा. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं घसा गेला, असं घरच्यांनी धरलं होतं. आपल्याकडे ही शंका रास्तच आहे. खर्र्यानं तोंड आखडतं, कॅन्सरही होतो. पण अन्नाच्या वाटेत गाठ आली तर आधी घट्ट घास अडतो, पाणी बराच काळ जात राहतं. नसा आणि स्नायू ढिले पडले तर उलटं होतं, आधी पाणी त्रास देतं. बाबांचं तोंड तर तीन बोटं सहज उघडत होतं.

मेंदूच्या तळाशी, पाठीचा कणा सुरू होतो तिथे लंबमज्जा नावाचा जेमतेम तीन सेंटिमीटरचा भाग असतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो कांद्यासारखा दिसला, म्हणून त्यांनी त्याला बल्ब म्हटलं. जीभ, टाळू, घसा आणि स्वरयंत्र हलवणाऱ्या नवव्या, दहाव्या आणि बाराव्या क्रमांकाच्या नसा इथून निघतात. त्या दुबळ्या झाल्या की बल्बर पाल्सी होते. बोलणं आणि गिळणं दोन्ही एकदम बिघडतं, कारण यंत्र एकच आहे.

कुठला भाग ढिला पडला हे शोधायला आपली वर्णमाला फार उपयोगी पडते. प, ब, म ओठांचे, त आणि ल जिभेचे, क आणि ग टाळूच्या मागच्या भागाचे. मी रुग्णाला 'पपप', 'ललल', 'ककक' म्हणायला लावतो. टाळू वर उचलला गेला नाही तर हवा नाकातून निसटते आणि ब चा म होतो. बेबीची मेमी झाली ती अशी.

मग जीभ पाहायची, पण बाहेर काढायला लावून नव्हे. बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते. तोंडात निवांत पडलेली जीभ बॅटरीच्या उजेडात मिनिटभर पाहावी. ती वाळून सुरकुतलेली असेल आणि पावसाचे बारीक थेंब पडल्यावर डबक्याचं पाणी उडतं तशी जागोजागी फुरफुरत असेल, तर मोटर न्यूरॉन डिसीजची भीती वाटते. त्यात स्नायू चालवणाऱ्या पेशीच मरत जातात, महिन्यामहिन्यानं आजार वाढतो आणि तो बरा करणारं औषध अजून नाही. हे नातेवाइकांना सांगणं मला आजही जड जातं. मेंदूच्या दोन्ही बाजूंना लकवा होऊन गेलेल्या माणसाची जीभ मात्र वाळत नाही, ताठ होते. हनुवटीवर हातोडी मारली की जबडा झटक्यानं मिटतो, आणि माणूस कारण नसताना रडू किंवा हसू लागतो. ही बल्बर पाल्सीची नक्कल, दुखणं लंबमज्जेच्या वर असतं.

पण माझा सर्वात महत्त्वाचा प्रश्न असतो, कधीपासून? उत्तर तासांत आलं तर मी मण्यार आठवतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, दंश फारसा दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात आणि थुंकी गिळवत नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे घालवलेला प्रत्येक तास श्वासावर बेततो. अचानक चक्कर, उचकी आणि आवाज बसणं असेल तर लंबमज्जेचाच लकवा. उत्तर दिवसांत आलं तर गुलेन बारी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार, किंवा घटसर्प. आणि फवारणी. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या विषात घाम आणि लाळ थांबून रुग्ण सावरल्यासारखा दिसतो, आणि एक ते चार दिवसांत उशीवरून मान उचलेनाशी होते, गिळणं आणि श्वास ढासळतो. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये याचं वर्णन केलं. "बरा झाला, घरी नेतो" म्हणणाऱ्यांना मी हात जोडून थांबवतो. एका दमात आकडे मोजायला लावतो. पंधराच्या आत दम संपला तर व्हेंटिलेटर असेल तिथंच पाठवतो.

बाबांची जीभ भरलेली होती, फुरफुरत नव्हती. पण सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट असं होतं, आणि डावी पापणी अर्धी उतरली होती. शेजारच्या रसवंतीतून बर्फाचा खडा आणला, पन्नीत गुंडाळून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. बर्फ काढला तेव्हा पापणी वर गेली होती. बेबीताई वाकून पाहतच राहिल्या.

हा मायस्थेनिया. यात नस शाबूत असते. नसेचा निरोप स्नायूनं घ्यायचा त्या जागा शरीराचीच प्रतिपिंडं अडवतात, म्हणून वापरलेला स्नायू थकत जातो. नागपूरला रक्तातली प्रतिपिंडं तपासली, नसेला वारंवार हलके विजेचे झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद घटतो का ते पाहिलं, या आजाराशी नातं असलेल्या थायमस ग्रंथीसाठी छातीचा सीटी स्कॅन झाला. एमआरआयत लंबमज्जा स्वच्छ निघाली.

आता बाबा सातला पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेतात आणि पाऊण तासानं जेवायला बसतात, ताठ बसून, हनुवटी किंचित खाली. अशक्तपणासाठी गावात सुई-सलाईन सर्रास लावतात. जेंटामायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी हा आजार उसळतो, म्हणून त्यांची नावं मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. कुठल्याही डॉक्टरकडे गेले की बाबा आधी बंडीच्या खिशातून ती चिठ्ठी काढतात.