वर्गात न बसता मानसशास्त्राचे तीन क्रेडिट: या परीक्षेमागचा इतिहास

अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा ‘इंट्रोडक्टरी सायकॉलॉजी’ हा विषय वर्गाचं तोंडही न बघता सुटू शकतो. घरी बसून अभ्यास करायचा, केंद्रावर जाऊन संगणकासमोर दीड तास बसायचं आणि 95 प्रश्न सोडवायचे. सगळे प्रश्न पर्यायांचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गुणांची पट्टी 20 ते 80 अशी असते. 50 मिळाले की तीन क्रेडिट (पदवीसाठी साठवायची अभ्यासाची एककं) द्यावेत, अशी ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ची शिफारस आहे. परीक्षेचं नाव ‘कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्राम’, पण सगळे तिला ‘क्लेप’ म्हणतात. फी शंभर डॉलरच्या आसपास. हाच विषय वर्गात बसून शिकायचा तर त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात, त्यामुळे या परीक्षेकडे ओढा असणं साहजिक आहे. पण फीच्या हिशेबापेक्षा ही सोय आली कुठून, ती गोष्ट जास्त रंजक आहे.

सुरुवात क्रेडिटपासूनच करावी लागते. 1905 मध्ये अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर आधी कॉलेज कशाला म्हणायचं हे ठरवणं आलं, कारण तेव्हा कुणीही उठून पाटी लावत असे. कार्नेगी फाउंडेशनने अट घातली की प्रवेश घेणाऱ्याने हायस्कूलमध्ये ठरावीक ‘युनिट’ पूर्ण केलेले असावेत, आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात साधारण 120 तास. पेन्शन हवी होती सगळ्यांनाच, त्यामुळे शाळा-कॉलेजांनी हे माप बिनबोभाट स्वीकारलं. 1910 मध्ये फाउंडेशनने मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरकडून एक अहवाल करून घेतला. हा कुक फ्रेडरिक टेलरच्या ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’च्या पंथातला. कारखान्यात मालाचा उत्पादनखर्च काढतात तसा त्याने एका विद्यार्थ्याला एक तास शिकवण्याचा खर्च काढायला सांगितला. पुढे आठवड्याला एक तास, असं सत्रभर चाललं की एक क्रेडिट, आणि असे 120 क्रेडिट साठले की पदवी, ही रीत रुळली. थोडक्यात, अमेरिकी पदवीचं माप प्राध्यापकांच्या म्हातारपणाच्या तजविजीतून आलं. त्यात मोजला गेला तो बसलेला वेळ. डोक्यात काय शिरलं हा प्रश्न त्या मापात कुठेच नव्हता.

इंग्लंडची वाट वेगळी होती. लंडन विद्यापीठाने 1858 पासून कॉलेजच्या दाखल्याची अट काढून टाकली. अभ्यास कुठेही करा, परीक्षा आमची द्या आणि पदवी घेऊन जा. त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडनच्याच नमुन्यावर बेतलेलं होतं. शिकवायचं कॉलेजांनी आणि विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची. पण आपल्याकडे संलग्न कॉलेजचा दाखला मात्र लागायचा. ‘बाहेरून परीक्षा देणं’ ही आपल्या घराघरात माहीत असलेली गोष्ट पुढे आली, आणि तीही सबंध वर्षाची किंवा सबंध पदवीची. एकच विषय बाहेरून देऊन त्याचे क्रेडिट दुसरीकडच्या पदवीत जमा करायचे, हा प्रकार अमेरिकेच्या सुट्या सुट्या क्रेडिटमुळेच शक्य झाला.

आता दुसरा धागा. शिकलेलं मोजायचं कसं? यात मानसशास्त्रज्ञ स्वतःच येतात. पर्यायांतून एक उत्तर निवडायची पद्धत कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली यांनी 1915 च्या सुमारास मूकवाचनाच्या चाचणीत वापरली. 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तेव्हा रॉबर्ट यर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडला बसून सैन्यासाठी ‘आल्फा’ ही बुद्धिमत्ता चाचणी तयार केली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रांची ‘बीटा’. सुमारे 17 लाख जवान या चाचण्यांतून गेले. सैन्याला त्याचा उपयोग किती झाला याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली, की हजारोंची परीक्षा एका वेळी घेता येते आणि शिक्षक नसलेला कारकूनही ती तपासू शकतो.

त्या कामात असलेले प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम पुढे कॉलेज बोर्ड या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे गेले आणि 1926 मध्ये त्यांनी एसएटी ही कॉलेजप्रवेशाची चाचणी आणली. याच ब्रिगहॅमनी सैन्याच्या आकड्यांवरून वंशांची उतरंड मांडणारं लेखन 1923 मध्ये केलं होतं आणि 1930 मध्ये स्वतःच ते निराधार म्हणून मागे घेतलं. आज क्लेप घेणारी संस्था म्हणजे हेच कॉलेज बोर्ड. मानसशास्त्राच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात बुद्धिमत्ता मापन, चाचणीची विश्वसनीयता, सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जातं का), प्रमाणीकरण हे सगळं आहे. ज्या हत्याराने विद्यार्थ्याला मोजायचं त्याच हत्याराबद्दल त्याला प्रश्न विचारायचे, असं दुसऱ्या विषयात क्वचितच घडत असेल.

1931 मध्ये शिकागो विद्यापीठात अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी नवी योजना आणली. वर्गातली हजेरी ऐच्छिक, आणि तयारी झाली असं वाटेल तेव्हा वर्षाची सर्वंकष परीक्षा द्यायची मुभा. परीक्षा काढायचं काम शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे दिलं. त्या मंडळाचे प्रमुख लुई थर्स्टन, तेही मानसमापनातलं मोठं नाव. 1938 मध्ये लर्नेड आणि वुड यांचा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या काही मुलांपेक्षा हायस्कूलची काही मुलंच त्याच चाचणीत पुढे निघाली होती. हा अभ्यास छापला कार्नेगी फाउंडेशननेच. म्हणजे ज्यांनी तासांचं माप रूढ केलं त्यांनीच तीस वर्षांत त्याचा फोलपणा कागदावर आणला. पण हिशेबाची सवय एकदा लागली की सुटत नाही. कॉलेजांनी अहवाल वाचला आणि तास मोजणं चालूच ठेवलं.

दार खऱ्या अर्थाने उघडलं ते दुसऱ्या महायुद्धाने. पहिल्या युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना अनेक कॉलेजांनी सरसकट क्रेडिट वाटले होते आणि त्यावर पुष्कळ टीका झाली होती. ते पुन्हा नको होतं. 1942 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे सैन्याची स्वतःची शिक्षणसंस्था सुरू झाली. तीच पुढे ‘युनायटेड स्टेट्स आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली गेली. टपालाने धडे, स्वतःच वाचून समजतील अशी पुस्तकं, आणि शेवटी परीक्षा. त्याच काळात हायस्कूलइतकं शिक्षण झालं आहे का हे ठरवणाऱ्या जीईडी चाचण्या तयार झाल्या. 1943 मध्ये हार्वर्डचे एडविन बोरिंग यांच्या संपादनाखाली सैनिकांसाठी मानसशास्त्राचं एक खिशात मावणारं पुस्तक निघालं, किंमत 25 सेंट. भीती, मनोधैर्य, अंधारात कसं दिसतं, अफवा कशा पसरतात, असे विषय. एकट्याने मानसशास्त्र वाचणाऱ्यांचा पहिला मोठा जथा कॉलेजच्या आवारात नव्हता, तो बराकीत होता. 1944 च्या जीआय बिलामुळे (माजी सैनिकांच्या शिक्षणाला मदत देणारा कायदा) लाखो माजी सैनिक कॉलेजांच्या दारात आले. तेव्हा त्यांना येत असलेलं पुन्हा शिकवायचं की तपासून क्रेडिट द्यायचं, हा प्रश्न टाळता येईना.

इथे फ्रेड केलर यांच्याकडे वळायला हवं, कारण ते नसते तर ही गोष्ट नुसत्या परीक्षांचीच राहिली असती. केलर हे मानसशास्त्रज्ञ, वर्तनवादी बी. एफ. स्किनरचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. युद्धात त्यांनी सैनिकांना मोर्स कोड शिकवायची पद्धत बसवली होती. संकेत ऐकवायचा, शिकणाऱ्याने उत्तर लिहायचं, आणि काही सेकंदांतच बरोबर अक्षर सांगून टाकायचं. चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. वीस वर्षांनी, 1964 मध्ये, ब्राझीलची राजधानी ब्राझीलिया इथे नव्या विद्यापीठात मानसशास्त्र विभाग उभा करताना केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना प्रास्ताविक मानसशास्त्राला लावली. विषयाचे छोटे छोटे घटक पाडले. प्रत्येकाने आपल्या गतीने वाचायचं, घटकाची चाचणी द्यायची, ती पक्की झाल्याशिवाय पुढचा घटक मिळणार नाही. नापास असं काही नाही, पुन्हा या. चाचणी तपासायला आधीच्या तुकडीतला विद्यार्थी. व्याख्यान असलंच तर बक्षीस म्हणून! 1968 मध्ये त्यांनी या पद्धतीवर जो लेख लिहिला त्याच्या शीर्षकात शिक्षकालाच निरोप दिलेला होता. सत्तरच्या दशकात ‘केलर प्लॅन’ अमेरिकेतल्या शेकडो वर्गांत पोचला आणि नंतर ओसरला. प्रत्येकाची गती वेगळी आणि सत्र मात्र ठरलेल्या तारखेला संपणार, हा पेच त्यातही होताच. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला तो पेच नसतो. क्लेपला बसणारे बरेच जण नकळत केलरचंच वेळापत्रक पाळतात. प्रकरण वाचलं, सराव चाचणी दिली, गुण पडले तर पुढे, नाहीतर तिथेच.

क्लेप सुरू झाली 1967 मध्ये, कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने. साठ वर्षांपूर्वी एका कार्नेगी संस्थेने क्रेडिटला तासांशी बांधलं आणि दुसऱ्या कार्नेगी संस्थेने ती गाठ सोडवायला पैसे दिले. पाठोपाठ फक्त परीक्षांच्या आणि इतरत्र मिळवलेल्या क्रेडिटच्या जोरावर पदवी देणाऱ्या संस्था निघाल्या. न्यू यॉर्कचा रीजंट्स बाह्य पदवी कार्यक्रम (आजचं एक्सेल्सिअर विद्यापीठ) 1971 चा, न्यू जर्सीतलं थॉमस एडिसन 1972 चं आणि कनेक्टिकटचं चार्टर ओक 1973 चं. यातलं थॉमस एडिसन ट्रेंटनला आहे. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावात राहणाऱ्या मराठी मंडळींनी नावावरून ते आपल्याच गावात शोधू नये! सैन्याची मॅडिसनची संस्था 1974 मध्ये बंद झाली आणि तिची जागा ‘डँटेस’ या सैनिकांच्या शिक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेने घेतली. सैनिकांची क्लेपची फी आजही डँटेसमार्फत भरली जाते.

मानसशास्त्रच या वाटेला इतकं का मानवलं? एक तर अमेरिकेत दरवर्षी दहा लाखांहून जास्त मुलं हा विषय घेतात आणि मोठ्या विद्यापीठांत तो शेकडोंच्या सभागृहात शिकवला जातो. मागच्या बाकावरून प्राध्यापक ठिपक्याएवढे दिसत असतील, तर घरी पुस्तक वाचणाऱ्याचं फारसं काही बुडत नाही. शिवाय अभ्यासक्रम सगळीकडे जवळपास सारखा. इतिहास आणि संशोधनपद्धती, मेंदू, संवेदन, अध्ययन, स्मृती, विकास, व्यक्तिमत्त्व, मनोविकार, उपचार, सामाजिक वर्तन, संख्याशास्त्र. हा साचा मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या 1890 च्या ग्रंथाच्या दोन जाडजूड खंडांपासून हळूहळू घडला. त्याची 1892 ची आखूड आवृत्ती निघाल्यावर विद्यार्थी मोठ्या ग्रंथाला ‘जेम्स’ आणि छोट्याला ‘जिमी’ म्हणत. पाठ्यपुस्तकाचं रुंद पण उथळ असणं तेव्हापासूनचं आहे.

परीक्षेत मात्र हा उथळपणा फसवा ठरतो. नेहमी अडणारी जागा म्हणजे ऋण प्रबलन. गाडीचा पट्टा लावेपर्यंत टुंईटुंई वाजत राहतं, पट्टा लावला की थांबतं, आणि म्हणून आपण पट्टा लावायला शिकतो. ही शिक्षा का? नाही. त्रासदायक गोष्ट निघून गेल्यामुळे वर्तन वाढलं, म्हणून ते ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन कमी होतं. ‘ऋण’ दिसलं की वाईट असं धरून चालणारे इथे हमखास चुकतात, आणि पर्यायांमध्ये शिक्षा ही बहुधा असतेच. वर्गात कुणीतरी हात वर करून हे विचारतं, घरी ते आपलं आपल्यालाच लक्षात यावं लागतं.

आणखी एक गोष्ट घरी मिळत नाही. अनेक विद्यापीठांत या कोर्सच्या विद्यार्थ्यांना विभागातल्या प्रयोगांमध्ये भाग घ्यावा लागतो. मानसशास्त्रातलं कितीतरी ज्ञान या पहिल्या वर्षाच्या पोरांवरच उभं आहे. एकट्याने शिकणाऱ्याला हा अनुभव नाही. मात्र त्याच्या बाजूने हर्मन एबिंगहाउस आहेत. 1885 च्या त्यांच्या स्मृतीवरच्या संशोधनात प्रयोग करणारे तेच आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला तेही तेच. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, किती विसरले ते नोंदवायचं. एका दमात घोकण्यापेक्षा दिवसांमध्ये विभागून केलेली उजळणी टिकते, हे त्यांनी दाखवलं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी पुढचं दाखवलं, की काही दिवसांनी आठवायचं असेल तर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची चाचणी घेणं जास्त कामाचं. हे दोन्ही अभ्यासक्रमातच आहे. स्मृतीचं प्रकरण वाचून झाल्यावरही पिवळ्या मार्करने पानं रंगवत बसणाऱ्याला काय म्हणावं!

साधनांचा प्रश्न गेल्या काही वर्षांत बराच सुटला. 2014 मध्ये राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने मानसशास्त्राचं संपूर्ण पाठ्यपुस्तक फुकट उपलब्ध केलं. 2017 पासून मॉडर्न स्टेट्स ही संस्था क्लेपच्या विषयांचे मोफत कोर्स देते आणि कोर्स पूर्ण करणाऱ्यांची परीक्षा फीही भरते. भारतात उच्च शिक्षणातले क्रेडिट एका खात्यात साठवण्याची सोय 2021 मध्ये आली, पण ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे क्रेडिट हवे असतील तर कोर्सला नाव नोंदवावं लागतं आणि असाइनमेंटचे गुणही धरले जातात. नुसती परीक्षा देऊन मोकळं होणं त्यात बसत नाही.

अमेरिकेतही कौन्सिलची शिफारस ही शिफारसच आहे. 2,900 हून अधिक कॉलेजं क्लेप मानतात, पण कुणाला 50 चालतात, कुणाला जास्त लागतात, आणि काही नामांकित विद्यापीठं ती मुळीच धरत नाहीत. मानसशास्त्रातच पदवी करायची असेल तर विभाग कधी हे क्रेडिट मुख्य विषयात न घेता ऐच्छिकात टाकतो. पदवीचा काही हिस्सा आपल्याच कॉलेजात पुरा करायची अट बहुतेक ठिकाणी असते. म्हणून परीक्षेची तारीख घेण्याआधी ज्या कॉलेजात जायचं त्याच्या रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्यावं. पेपर हुकला तर तोच विषय पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं.