टीव्हीवर चित्र आहे, पण आवाज नाही? लिनक्स मीडिया कॉम्प्युटरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून लिनक्स मिंट (विंडोजसारखी, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) आणि कोडी (सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर) टाकून घेतलेला छोटा कॉम्प्युटर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला, चित्र स्वच्छ दिसतंय, पण आवाजाचा पत्ता नाही. असं झालं तर लगेच लिनक्स पुन्हा टाकायच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. आवाज तयार होत असतो, फक्त तो टीव्हीकडे न जाता भलतीकडे जात असतो. तो कुठे वळतोय हे घरीच शोधता यावं, म्हणून हे पत्रक.

सुरुवात टीव्हीपासून

सेट-टॉप बॉक्सचं एखादं चॅनेल लावा. त्याचाही आवाज येत नसेल, तर कॉम्प्युटरला हात लावायचं कारण नाही. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज साउंडबारकडे वळवलेला आहे आणि साउंडबार बंद आहे, हे फार घरांत सापडतं. साउंडबार एचडीएमआय केबलने जोडला असेल, तर तो टीव्हीच्या ज्या पोर्टवर 'एआरसी' लिहिलंय (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारं पोर्ट) त्यातच हवा. कॉम्प्युटर दुसऱ्या कुठल्याही एचडीएमआय पोर्टमध्ये चालतो. जुन्या कॉम्प्युटरला डीव्हीआय किंवा व्हीजीएचं कनेक्टर लावून एचडीएमआय केलेलं असेल, तर त्यातून सहसा फक्त चित्र जातं. आवाजासाठी वेगळी केबल लागते.

लाईट जाऊन आली आणि आवाज गेला

केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, पण आवाज पाठवायचा की नाही हे टीव्हीच्या उत्तरावर ठरतं. जोडणी झाली की टीव्ही कॉम्प्युटरला आपली माहिती कळवतो: कोणतं रिझोल्यूशन चालेल, आवाज घेता येतो का, किती चॅनेलचा, कोणत्या प्रकारचा. ही माहिती पोचली नाही, तर समोर नुसता पडदा आहे असं लिनक्स धरून चालतं आणि आवाज हेडफोनच्या जॅककडे वळवतं. लाईट येताच कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला आणि टीव्ही स्टँडबायमध्येच राहिला, की नेमकं हेच होतं.

म्हणून क्रम पाळा. आधी टीव्ही चालू करा, त्यावर बरोबर एचडीएमआय इनपुट निवडा, मध्ये साउंडबार किंवा रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा होम थिएटरचा डबा) असेल तर तोही चालू करा, आणि कॉम्प्युटर शेवटी. सगळं आधीच चालू असेल तर केबल काढून थोडं थांबा, पुन्हा घट्ट बसवा. एवढ्याने आवाज आला, तर पुढचं वाचायची गरजच नाही.

लिनक्समधली निवड

मेनूमधून 'साउंड' उघडा आणि 'आउटपुट' टॅबवर जा. यादीत 'एचडीएमआय / डिस्प्लेपोर्ट' असं नाव दिसेल, त्यावर क्लिक करा. मग 'टेस्ट साउंड' दाबून डावा-उजवा स्पीकर ऐकून पाहा. नाव दिसतंय पण आवाज नाही, असं असेल तर त्याच ठिकाणी 'आउटपुट प्रोफाइल' बदला. इंटेलच्या मशीनवर एचडीएमआय, एचडीएमआय २, एचडीएमआय ३ अशी दोन-तीन नावं येतात आणि तुमची केबल त्यांतल्या एकालाच लागलेली असते. एकेक निवडून टेस्ट करा. नावासमोर 'अनप्लग्ड' लिहिलेलं असेल, तर टीव्हीची माहिती पोचलेलीच नाही, असं समजा. अशा वेळी पुन्हा केबल आणि सुरू करण्याचा क्रम तपासा.

यूट्यूबला आवाज, कोडीत शांतता

ही तक्रार वेगळी. कोडी स्वतःचं आउटपुट वेगळं ठेवतं, त्यामुळे लिनक्समध्ये सगळं बरोबर असूनही कोडी गप्प राहू शकतं. कोडीच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग ऑडिओ. 'ऑडिओ आउटपुट डिव्हाइस'मध्ये एचडीएमआयचं नाव आहे का ते बघा. काही पर्याय दिसत नसतील, तर खाली डावीकडची पातळी 'एक्सपर्ट' करा.

काही सिनेमांना आवाज आहे आणि काही अगदी मुके, असं असेल तर संशय 'पासथ्रू'वर घ्या. पासथ्रू चालू असताना कोडी डॉल्बी किंवा डीटीएस या सिनेमातल्या आवाजाच्या प्रकारांतला आवाज स्वतः न उलगडता तसाच पुढे ढकलतं. पलीकडच्या टीव्हीला तो प्रकार कळत नसेल, तर काहीच ऐकू येत नाही. बऱ्याच टीव्हींना डीटीएस कळत नाही. घरात रिसीव्हर नसेल, तर पासथ्रू सरळ बंद ठेवा असंच आम्ही सांगतो. टीव्हीच्या स्पीकरवर त्याचा फायदा नाही.

गाणी आणि पार्श्वसंगीत दणक्यात, पण माणसांचं बोलणंच ऐकू येत नाही? याचं कारण बहुधा 'नंबर ऑफ चॅनेल्स'मध्ये मिळेल. तिथे ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) असेल आणि टीव्हीला दोनच स्पीकर असतील, तर मधला चॅनेल हरवतो, आणि सिनेमातले संवाद मुख्यतः त्या मधल्या चॅनेलवर असतात. ते २.० (दोन स्पीकर) करा. हा एक आकडा बदलला नाही म्हणून लोक नवा साउंडबार घेऊन येतात, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

प्ले केल्यावर पहिला शब्द कापला जात असेल, तर 'कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह' हा पर्याय 'ऑलवेज' ठेवा. शांततेत आउटपुट झोपी जातं आणि जागं व्हायला त्याला क्षणभर लागतो.

टर्मिनलची भीती नसेल तर

टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'अल्सामिक्सर' हा आवाजाची पातळी दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. इंग्रजी अक्षरं सगळी लहान आणि सलग: ए, एल, एस, ए, एम, आय, एक्स, ई, आर. एफ६ दाबून साउंड कार्ड निवडा. एचडीएमआयचा आवाज इथे 'एस/पीडीआयएफ' या नावाने दिसतो; त्या खांबांखाली 'एमएम' दिसलं, तर ते आउटपुट बंद आहे. बाणाने त्यावर जाऊन एम दाबा, शून्य-शून्य झालं की चालू. बाहेर पडायला एस्केप.

हे मात्र करू नका

इंटरनेटवर जुने सल्ले खूप सापडतात. पल्सऑडिओ किंवा पाइपवायर (लिनक्समध्ये आवाज सांभाळणारे प्रोग्रॅम) काढून टाका, हा त्यांतला सर्वांत घातक, कारण त्यांच्याबरोबर डेस्कटॉपचे इतर भागही निघून जाऊ शकतात. शिवाय मिंट २२ पासून आवाजाचं काम पाइपवायरकडे आहे, त्यामुळे पल्सऑडिओच्या फाइली बदलायचे जुने उपाय तिथे बहुतेक वेळा लागूच पडत नाहीत.

अपडेटनंतर लगेच आवाज गेला असेल, तर मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचं कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडून बघा. त्यावर आवाज आला, तर तेच चालू ठेवा आणि आम्हाला कळवा.

फोन करताना एवढं तयार ठेवा: टीव्हीचा मॉडेल नंबर, मध्ये साउंडबार किंवा रिसीव्हर आहे का, आवाज सगळीकडे गेला की फक्त कोडीत, आणि साउंड सेटिंगच्या आउटपुट यादीचा मोबाईलवर काढलेला फोटो. तो फोटो पाहून बरेचदा फोनवरच काम होतं, मशीन दुकानात आणावं लागत नाही.